गर्भाची वर्दी

उदरात गर्भ आला म्हणजे मातेच्या देहाला त्याची जाणीव आपोआप होत असावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु डुकरिणीच्या गर्भाशयातील व्यवहार बारकाईने पाहिला असता ध्यानात येते की, ही जाणीव गर्भाला स्वतःच करून द्यावी लागते, आणि तीही नेमक्या मुदतीत.

डुकरीण साधारणतः २१ दिवसांनी माजावर येते. बीजे सुटल्यानंतर अंडाशयावर जे पीतपिंड निर्माण होतात, त्यांच्या प्रोजेस्टेरॉन या स्रावावर गर्भाच्या पोषणाचा सारा बंदोबस्त अवलंबून असतो. मात्र १५व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य रक्तात सोडून हे पिंड लयास नेते, जेणेकरून मादी पुन्हा फळण्यास सिद्ध व्हावी. तो हुकूम सुटण्यापूर्वी गर्भाची वर्दी दाखल झाली पाहिजे.

१०व्या दिवशी भ्रूण अवघ्या काही मिलिमीटर व्यासाचा, वाटोळा असतो. परंतु ११व्या-१२व्या दिवशी तो तासाला ३० ते ४५ मिलिमीटर अशा विस्मयकारक गतीने लांबू लागतो, आणि हातशेवई वळताना कणीक न वाढता केवळ तिचा आकार पालटावा, त्याप्रमाणे प्रारंभी नव्या पेशींची भर पडण्यापेक्षा असलेल्या पेशींचीच फेरमांडणी होऊन त्याचा तंतू बनतो. याच वेळी तो इस्ट्रोजेन स्रवतो. १९७७ साली अमेरिकेतील फुलर बेझर व विल्यम थॅचर यांनी असे प्रतिपादन केले की, या स्रावामुळे प्रोस्टाग्लँडिनची उत्पत्ती बंद पडत नाही, तर त्याची रवानगी रक्ताऐवजी गर्भाशयाच्या पोकळीत होते आणि पीतपिंड वाचतात. शिवाय ही वर्दी गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांतून यावी लागते. एक शिंग सर्वस्वी रिकामे राहिले, तर दुसऱ्यातील गर्भही बहुधा टिकत नाहीत.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इस्ट्रोजेन घडविणारे जनुक निकामी केलेले भ्रूण वाढविण्यात आले, तेव्हा ते यथास्थित लांबले, पीतपिंडही टिकले. परंतु २७ ते ३१ दिवसांच्या दरम्यान गर्भपात झाले. तात्पर्य, प्रारंभीच्या वर्दीत गर्भाच्या अन्य स्रावांचाही वाटा आहे, आणि इस्ट्रोजेनचे खरे अगत्य गर्भ पुढे तगण्यासाठी आहे.

या संवादात काळवेळेचे महत्त्व किती, हे गोठ्यातही प्रत्ययास येते. मक्यावरील फ्युझेरियम बुरशीचे झिअरॅलेनोन हे विष इस्ट्रोजेनसारखेच वागते. फळल्यानंतरच्या ७व्या ते १०व्या दिवसांत ते खाद्यातून पोटात गेले, तर अकाली मिळालेल्या खोट्या संकेताने गर्भाशयाचा क्रम बिघडतो व भ्रूण मरतात. पहिल्या महिन्याभरात २० ते ३० टक्के भ्रूण एरवीही नष्ट होतात. त्यांत आपल्या हलगर्जीपणाची भर पडू नये, यासाठी फळलेल्या मादीला निदान पहिला पंधरवडा तरी कोरडे, निर्दोष धान्य देणे हे पाळणाऱ्याचे आद्य कर्तव्य ठरते.