‘सुहैली’ : मुंबईच्या गोदींतील एक सागवानी दस्तऐवज

पोथी जितकी कोरडी तितकी दीर्घायुषी, हें संग्राहकांस सांगावयास नको. परंतु कोरडेपणानेंच ज्याची हानि झाली, अशा एका दस्तऐवजाची हकीकत येथें देत आहों. तो सागवानी आहे, व त्याचें जन्मस्थान मुंबई होय.

‘सुहैली’ ही ३२ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका इ. स. १९६३-६४ च्या सुमारास मुंबईच्या गोदींत बांधली गेली. बांधविणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तेव्हां ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे तरुण अधिकारी होते. आराखडा विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रचनाकाराच्या ‘एरिक’ नौकेचा. त्याचेंही मूळ कॉलिन आर्चर यांच्या नॉर्वेजियन जीवरक्षक नौकांत. म्हणजे पाठ परदेशीय, लेखक मात्र आपले सुतार. तासणी आणि दोरीनें फिरविण्याचा सामता हीं त्यांचीं हत्यारें. पोथीचा लेखक शेवटीं आपलें नांव, गांव, शक घालतो. लांकडावर पुष्पिका लिहिण्याचा प्रघात नाहीं.

नांवाविषयीं थोडें. ‘सुहैल’ हा अरबी शब्द आपल्या अगस्त्य ताऱ्याचा वाचक. त्यावरून ‘सुहैली’ हें इराणी आखातांतील एका वाऱ्याचें नांव. ज्यानें समुद्र प्राशन केला त्या मुनीचा संबंध नौकेशीं असा जुळला. नांव ठेवणारांच्या हें ध्यानीं असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

दि. १४ जून १९६८ रोजीं नॉक्स-जॉन्स्टन या नौकेंतून इंग्लंडांतील फाल्मथहून एकटेच निघाले, आणि वाटेंत कोणतेंही बंदर न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, तेथेंच परतले. असें करणारे ते पहिले. स्पर्धेस नऊजण निघाले होते. पुरी करणारे हे एकच. आरंभींच, अटलांटिकमध्यें, पठाणाजवळचा, म्हणजे तळाच्या कण्याजवळचा, सांधा गळूं लागला. लांकडी नौकेच्या सांध्यांत कापूस ठोकलेला असतो. फळ्या पाण्यानें फुगून तो दाबतात व पाणी अडतें. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं बुडी मारून नवा कापूस ठोकला व वरून तांब्याची पट्टी मारली.

पुढें नौका ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत गेली. तेथील नियंत्रित हवा वस्तूंच्या रक्षणार्थच होती. परंतु तिनें फळ्या आकसूं लागल्या, आणि इ. स. २००२ मध्यें नौका बाहेर काढावी लागली. दुरुस्तीनंतर ती पुन्हां पाण्यांत उतरली. तेव्हां नौकेच्या रक्षणार्थ तिला भिजत ठेवणें आणि वेळोवेळीं जीर्ण भाग बदलणें प्राप्त होतें. जीर्ण पत्र बदलतांना आपण जशी नोंद करतों, तशी प्रत्येक काढलेल्या फळीची व खिळ्याची व्हावी. मूळ हात कोणाचे, हेंही त्यांत यावें. मुंबई गोदींतील त्या सालांचीं हजेरीपत्रकें कोणा संग्राहकाच्या दप्तरांत पडलीं असल्यास त्यांनीं तीं रद्दींत देण्यापूर्वीं एकदां उलगडून पाहावींत.