टिकोजीरावांची पगडी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ज्याने उमेदीची सगळी वर्षे वाफेच्या नळ्यांना खनिज लोकर गुंडाळवून घेण्यात घालविली, त्याच मनुष्याने उतारवयात मेंढीची लोकर आणि दोन सुया हाती धरून चहाच्या किटलीला टोप्या विणीत बसावे, यात वसाहतीतील मंडळींना विक्षिप्तपणा दिसत असला, तरी मला स्वतःला ती एकाच नोकरीची मुदतवाढ वाटते. स्वतःला फार मोठा समजणाऱ्या इसमास मराठीत टिकोजीराव म्हणण्याची चाल आहे. किटलीच्या अशा टोपीला साहेब टीकोझी म्हणतो; तिचे आमच्या आळीत यथावकाश ‘टिकोजी’ झाले, आणि या दोन शब्दांचा परस्परांशी काडीचा संबंध नसताना ती पदवी मला कोणत्याही सनदेवाचून बहाल करण्यात आली. मी ती आनंदाने वापरतो.

हा नाद मात्र निवृत्तीच्या रिकामपणातून उपजलेला नव्हे. एकलहऱ्यात १९७०-७१ साली १४० मेगावॉटचे दोन संच उभे राहिले आणि १९७९ ते १९८१ या अवधीत २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. त्या दुसऱ्या धामधुमीत मी नवशिका होतो. पाचशे अंशांहून अधिक तापलेली वाफ ज्या नळ्यांतून टर्बाइनकडे धावते त्या नळ्यांवर खनिज लोकरीचे थर चढवून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकण्याचे काम दिवसभर पाहून संध्याकाळी विश्रामगृहात गेलो, तो मेजावरील किटलीने लोकरीची पिवळी टोपी घातलेली! दिवसभर जे कोट्यवधी रुपयांच्या यंत्रावर पाहिले तेच कोणा अज्ञात बाईने दोन सुयांनी साधले होते, आणि वर एक लाल गोंडाही लावला होता, जो आमच्या खात्याने कोणत्याही नळीवर लावलेला माझ्या पाहण्यात नाही.

तत्त्व दोन्हीकडे एकच. उष्णता अडवते ती लोकर नव्हे; लोकरीच्या तंतूंत कोंडलेली, जागची न हलणारी हवा तिला अडवते. म्हणून टोपी जाड पण सैल विणावी, घट्ट विणू नये. किटलीचा घेर फितीने मोजून निम्म्या निम्म्या मापाचे दोन पाखे करावेत. खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी घ्यावी म्हणजे ती ताणली जाऊन किटलीच्या पोटाला बिलगते. तोटी आणि कान यांच्यापुरती जागा मोकळी ठेवून बाजू शिवाव्यात. आणि वर जाताना दोन-दोन टाके एकत्र घेत माथा आवळावा. एवढे साधले की शास्त्र संपते आणि विनोद सुरू होतो, कारण माथ्यावर काय बसवावे याला कोणताही जाबता नाही. खुडुक कोंबडी, भोपळा, कमळ, कुंची घातलेले तान्हे मूल, काहीही चालते. मी एकदा केंद्राची चिमणीही बसविली होती, परंतु ती पहिल्याच धुण्यात वाकली.

इतिहासाचा सांगाडा वाचकांस बहुधा ठाऊक असेल. चीनमध्ये अस्तर लावलेल्या वेताच्या टोपलीत किटली ठेवण्याची रीत होतीच. इंग्लंडात दुपारच्या चहाचा शिष्टाचार स्थिरावल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या सुमारास टीकोझी दिवाणखान्यात आली, मणी आणि भरतकाम यांनी मढली, आणि पुढे आजीबाईंच्या संदुकीत गेली. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील लोआनी प्रायर या विदुषीने अद्भुत आकारांच्या टोप्यांचे पुस्तक काढून तिला तेथून पुन्हा बाहेर ओढले. त्याच देशातील फिश क्रीक नावाच्या खेड्यात तर या टोप्यांचा उत्सव भरतो.

आपल्याकडे मात्र ती रुजली नाही. वस्तुतः झाकण्याची हौस आपल्याइतकी क्वचितच कोणाला असेल: रेडिओला क्रोशाचा रुमाल, पेटीला गवसणी, तांब्यालादेखील मण्यांची जाळी. मग किटलीच उघडी का राहिली? कारण उघड आहे. मराठी चहा किटलीत मुरत नाही, तो पातेल्यात उकळतो. पाहुणा आला की आधण, दुसरा आला की पुन्हा आधण. बशीत ओतून तो निवविण्याची आपल्याला घाई, ऊबदार ठेवण्याची नव्हे. टीकोझी ही उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी केलेली तरतूद आहे, आणि उशिरा येणाऱ्यासाठी आपली गृहिणी स्वतः पुन्हा उठते. त्या उठण्याचा हिशेब कोणी मांडला नाही, हे मला आपल्या आदरातिथ्याचे मोठे व्यंग वाटते.

किटलीतला चहा मराठी प्रतिष्ठितांपुढे कधी आला याचा शोध घेऊ लागलो आणि टोप्यांचा विषय हातातून सुटून मी थेट पुण्याच्या वेताळ पेठेत, म्हणजे हल्लीच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या दारात येऊन उभा राहिलो. १८९० च्या ऑक्टोबरात तेथे व्याख्यानानिमित्त शहरातील नामांकित मंडळी जमली आणि कार्यक्रमानंतर मिशनने त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. कोणी चहा प्याले, कोणी शिष्टाचार म्हणून पेला हाती घेतला आणि बाजूला ठेवला. हा बेत जुळवून आणणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवून वर्षभराच्या आत निवर्तलेल्या आनंदीबाईंचे पती. त्यांनीच पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्धीस दिली, आणि बिस्किटे पचण्यापूर्वीच नव्हे, तर चांगली पचल्यानंतर ख्रिस्ती मिशनातल्या त्या चहावरून शहरात ग्रामण्य माजले.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, जबाब झाले. या खटल्याचा विलक्षणपणा असा की, संमतिवयाच्या विधेयकावरून जे टिळक आणि रानडे त्याच सुमारास परस्परांविरुद्ध दंड थोपटून उभे होते, ते दोघे एका चहापायी आरोपींच्या एकाच रांगेत बसले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला, तरी घरच्या मंगलकार्यास भिक्षुक मिळणे त्यांना दुरापास्त झाले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, ते स्वतःच्या पापक्षालनार्थ नव्हे, तर बहिष्कारामुळे स्नेह्यांच्या घरांची जी कोंडी झाली होती ती फुटावी म्हणून. सुधारकांनी त्याबद्दल त्यांना दोष दिला. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या प्रकरणाची हकीकत आहे; ज्यांना ती केवळ वर्तमानपत्री चकमक वाटते त्यांनी ते पान अवश्य वाचावे, म्हणजे पुरुषांच्या पेल्यांचा जाच घरातील बायकांना कसा पोहोचतो ते कळेल.

गोपाळरावांना त्या काळी आणि पुढेही कळीचा नारद म्हणून बोल लावण्यात आला. माझे मत थोडे निराळे आहे. लोक खासगीत करीत असलेली गोष्ट त्यांनी उघडी केली, एवढेच. खोडसाळपणा असेल तर तो झाकण उचलण्यात होता, आत जे शिजत होते ते त्यांनी शिजविलेले नव्हते. पुण्याला पेल्यांची मोजदाद करावयाची होती, म्हणून प्यालेला आणि न प्यालेला अशी प्रतवारी लागली. पेला हाती धरून खाली ठेवणाऱ्याचा धर्म वाचला, परंतु यजमानाचा मान राहिला की गेला, हा प्रश्न कोणत्याही शास्त्र्याने विचारला नाही.

पुढे चहा जिंकला हे सांगावयास नको. १९०३ साली सरकारने चहावर उपकर बसवून त्याच्या प्रसाराची सोय लावली, आणि स्थानकापासून देवळापर्यंत आधण चढले. त्याला उरलेला एकच मोठा टीकाकार पुन्हा पुण्यातच भेटतो. आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान असताना १९४२ साली गांधीजींनी आरोग्यावरील जे छोटे पुस्तक लिहावयास घेतले, त्यात चहाच्या पत्तीतील टॅनिनवर त्यांचा कटाक्ष आहे. गाळणीतील पत्तीवर उकळते पाणी ओतून गवतकाडीच्या रंगाचे जे उतरेल तेवढे त्यांना निरुपद्रवी वाटते. ते वाचून मी चपापलो, कारण पत्तीसकट झाकलेली किटली म्हणजे टॅनिन उतरविण्याची भट्टीच. इतकी वर्षे मी उष्णता वाचवीत होतो आणि चहा बिघडवीत होतो.

त्या वाचनानंतर विणलेली माझी सर्वांत आवडती टोपी म्हणजे लाल पुणेरी पगडी. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली खरी पगडी मी उशाशी ठेवून तिची वळणे मोजली. पिळांसाठी वेणीची वीण घेतली, आतून जुन्या फ्लॅनेलचे अस्तर दिले, आणि पगडीची चोच किटलीच्या तोटीवर नेमकी आली, तेव्हा एकशेतीस वर्षांहून जुन्या त्या मुकदम्यात किटलीची बाजू प्रथमच मांडली गेली असे मला वाटले. घरी येणाऱ्यांपैकी निम्मे ती उचलून स्वतःच्या डोक्यावर घालून पाहतात. उरलेले निम्मे मी आत गेल्यावर पाहतात.

विणावयास बसणाऱ्यांना माझी एवढीच सूचना आहे: पगडी चढविण्यापूर्वी किटलीतील पत्ती न विसरता गाळून काढावी, नाहीतर आतला चहा इतका कडू होतो की, पाहुणा पेला हाती घेतो आणि बाजूला ठेवतो.