दिनदर्शिकेत आलेली राणी

इंदूरच्या स्नेहलतागंजात संध्याकाळी कुणी ‘राणी!’ म्हणून हाक मारली, तर दोन-चार घरांतून ‘ओ’ येईल. मराठी असो की माळवी, कुठल्याही घरात खपणारं नाव. कॅथलिकांत मात्र बाप्तिस्म्याला बहुधा एखाद्या संताचं नाव देतात. तो संत जन्मभराचा पाठीराखा, त्याचा सण तो आपला नामदिन. मग आपल्या गल्लीतल्या राणीनं कुणाचा सण धरायचा?

उत्तर इंदूरपासून फार लांब नाही. केरळातल्या पुल्लुवळी गावी २९ जानेवारी १९५४ ला जन्मलेल्या मुलीचं नाव मरियम ठेवलं होतं. क्लारिस्ट नन्सच्या संघात गेल्यावर ती सिस्टर राणी मारिया झाली. १९९२ पासून ती देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला होती. सरकारी योजना कशा मागायच्या, बँकेचं कर्ज कसं काढायचं, हे ती आदिवासी शेतकऱ्यांना शिकवत होती. सावकारांना ते झोंबणारच. २५ फेब्रुवारी १९९५ ला ती इंदूरकडे यायला बसमध्ये चढली. समंदरसिंग नावाच्या भाडोत्री मारेकऱ्यानं प्रवाशांदेखत तिच्यावर सुऱ्यानं वार केले. अंगावर ५४ जखमा होत्या.

खरा अचंबा पुढेच आहे. २००२ साली तिची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात समंदरसिंगला भेटायला गेली आणि तिनं त्याच हाताला राखी बांधली. राखी! पुढे आईनंही त्या हातांचं चुंबन घेतलं. घरच्यांनीच सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला.

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल अँजेलो अमातो यांनी राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं. या पायरीसाठी एरवी चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. श्रद्धेपायी जीव गेलेल्यांना तो माफ असतो. ‘संत’ ही त्याच्या वरची पायरी, ती अजून बाकी आहे. रोमला घाई नसते. वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १६२७ ला धन्य झाला आणि संत व्हायला १८६२ उजाडलं, म्हणजे मधे तब्बल २३५ वर्षं!

नामदिनासाठी तेवढं थांबायचं कारण नाही. राणी मारियाचा सण २५ फेब्रुवारीला असतो. तिची कबर उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. इंदूरहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.