सेबनच्या दोन फौजा

अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा शहराची वस्ती लाखभर आणि तिथल्या विद्यापीठाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये माणसंही लाखभरच मावतात. हंगामातल्या शनिवारी ते फुलून जातं. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना सुरुवातीला उमगत नाही ते हेच: विद्यार्थ्यांच्या खेळाला एवढी झुंबड कशी, आणि अमेरिकन फुटबॉलच्या कोचचा पगार कुलगुरूंच्या कितीतरी पट कसा? निक सेबन हा असाच कोच. २००७ ते २०२३ या काळात त्याने अलाबामाला ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्याच्या संघांवर एक वाद अजून रंगतो. त्याच्या हाताखालची खरी गुणवत्ता कुठे होती, ऑफेन्समध्ये की डिफेन्समध्ये?

कबड्डीत चढाई करून आलेला गडी पुढच्याच क्षणी पकडीला उभा राहतो. इथे तसं नाही. चेंडू आपल्याकडे असताना खेळणारे अकरा (ऑफेन्स) वेगळे आणि समोरच्याकडे असताना रोखणारे अकरा (डिफेन्स) वेगळे. १९६५ साली खेळाडू बदलण्यावरचे निर्बंध उठले आणि एका संघात दोन संघ कायमचे नांदू लागले. त्यांची शरीरं वेगळी, सराव वेगळा, कोचही वेगळे. त्यामुळे त्यांची तुलना करायची म्हटली की पहिली अडचण मोजमापाची येते.

२०११ चा अलाबामाचा डिफेन्स घ्या. सामन्यामागे सरासरी ८.२ गुण आणि जेमतेम १८४ यार्ड दिले. गुण, एकूण यार्ड, धावून काढलेले यार्ड, पासने काढलेले यार्ड, चारही तक्त्यांत देशात पहिला. पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, मार्क बॅरन, ड्रे कर्कपॅट्रिक आणि डॉन्टा हायटॉवर हे तिघे बचावपटू पहिल्याच फेरीत उचलले गेले. पण माझ्या मते त्या डिफेन्सचा खांब होता जॉश चॅपमन. १४० किलोच्या आसपासचा हा नोझ टॅकल चेंडूच्या अगदी समोर उभा राहायचा. समोरचे दोन धिप्पाड गडी अंगावर घ्यायचे आणि जागा सोडायची नाही, एवढंच त्याचं काम. ते दोघे त्याच्यात अडकले की मागचा लाइनबॅकर मोकळा सुटायचा, टॅकल करायचा आणि टाळ्याही तोच घ्यायचा. चॅपमन त्या हंगामात गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळत राहिला. ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर लागला पाचव्या फेरीत. तक्त्यांत त्याचं काम शोधायला जाल तर हाती फारसं काही लागणार नाही.

त्याच वर्षी लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्धचा (एलएसयू) टस्कलूसाचा सामना ९-६ असा गेला, एकही टचडाउन न होता, म्हणजे चेंडू कोणालाच समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेता आला नाही. अलाबामा हरलं, कारण चार किक वाया गेल्या. अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी आला आणि २१-० ने आडवा झाला. चौथ्या क्वार्टरपर्यंत एलएसयूला मैदानाची मधली रेषासुद्धा ओलांडता आली नव्हती. मात्र याच डिफेन्सविरुद्ध खालच्या गटातल्या जॉर्जिया सदर्नने ३०२ यार्ड धावून काढले होते. त्यांची जुन्या वळणाची ट्रिपल ऑप्शन पद्धत होती. चेंडू नेमका कोणाकडे आहे हेच शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. तिथे ड्राफ्टमधल्या नावांचा उपयोग झाला नाही. अलाबामा सामना जिंकलं, पण २१ गुण खाऊन.

मग खेळच बदलला. दोन डावांमध्ये दम न घेता चेंडू खेळवायची घाईची पद्धत आली. सेबन त्यावर वैतागला. २०१२ मध्ये त्याने उघड विचारलं की आपल्याला फुटबॉल असाच हवाय का? उत्तर त्याच्या मनासारखं येईना, तेव्हा २०१४ मध्ये त्याने लेन किफिनला ऑफेन्सचा कोच नेमलं आणि तीच वाट धरली. कॉलेजच्या नियमांचाही हातभार होता. पास होण्याआधी ऑफेन्सच्या पुढच्या फळीतले गडी, म्हणजे लाइनमन, इथे तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. त्या सवलतीमुळे धाव की पास हे डिफेन्सला ओळखू येईनासं झालं.

२०२० मध्ये त्याचं फळ दिसलं: १३ सामने, १३ विजय, सरासरी ४८.५ गुण. अंतिम सामन्यात पास झेलणाऱ्या रिसीव्हर डेव्होंटा स्मिथने ओहायो स्टेटविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच १२ झेल, २१५ यार्ड आणि ३ टचडाउन केले. अंगाने हा पोरगा काटकुळा, ७७ किलोच्या घरातला. तेव्हाचा ऑफेन्सचा कोच स्टीव्ह सार्किसियनने त्याला अशा जागी उभा केला की एका डावात त्याच्या मागे लाइनबॅकरला पळावं लागलं. ४२ यार्डांचं टचडाउन तिथेच झालं. दुसऱ्या अर्ध्यात बोट दुखावून तो बाहेर बसला, तोवर सामना आटोपल्यातच जमा होता. पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत अलाबामाचे सहा खेळाडू गेले, त्यांत पाच ऑफेन्सचे.

त्या वर्षीचा डिफेन्सही काही फाटका नव्हता. तरी किफिन तोवर ओल मिस विद्यापीठाचा कोच झाला होता आणि त्याने जुन्या साहेबांच्या डिफेन्सकडून ६४७ यार्ड वसूल केले. अलाबामा ६३-४८ ने जिंकलं. २०११ मध्ये ६४७ हा आकडा ऐकून टस्कलूसात सुतक पाळलं असतं.

कोणती फौज जास्त गुणवान? ड्राफ्टच्या तराजूत २०२० चं ऑफेन्स जड आहे. माझं मत मात्र २०११ च्या डिफेन्सला. ऑफेन्सला कुठे जायचं ते आधी ठाऊक असतं. बचावाला ते पाहून, ओळखून, मग पळायचं असतं, आणि अकरांपैकी एक चुकला की टचडाउन. शिवाय १४० किलोचा चपळ माणूस मुळात दुर्मिळ. वेगवान रिसीव्हर त्या मानाने बरेच सापडतात. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा तर अंदाजच लागत नाही. २०२० चा मॅक जोन्स शाळेतून आला तेव्हा नव्या खेळाडूंच्या गुणांकनात त्याला तीनच तारे होते.

सेबनचा डिफेन्स घडवण्यात हात असलेला कर्बी स्मार्ट जॉर्जियात गेला आणि तिथे २०२१ मध्ये त्याने तसाच डिफेन्स उभा केला. त्यातले पाच जण पहिल्या फेरीत गेले. क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेट शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरलेला. तरी डिसेंबरमध्ये अलाबामाच्या ब्राइस यंगने या डिफेन्सवर ४२१ यार्ड फेकले आणि ४१-२४ ने सामना नेला. त्याच सामन्यात अलाबामाच्या जॉन मेचीचा गुडघा गेला. जानेवारीत अंतिम सामन्यात दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा दुसऱ्या क्वार्टरमध्ये जेमसन विल्यम्सचाही गेला. दोन्ही मुख्य रिसीव्हर बाहेर, आणि यंगच्या पासला पोहोचणारं कोणी उरेना. जॉर्जियाचे लाइनमन मात्र आलटून पालटून ताजेतवाने येत राहिले. मिनिटभर उरलं असताना केली रिंगोने यंगचा पास मध्येच उचलला आणि ७९ यार्ड पळत नेला. ३३-१८.