गोगलगाय : एक नाव, दोन जीव

मराठीत ‘गोगलगाय’ हा शब्द पिके फस्त करणाऱ्या परकी जातीस व निरुपद्रवी देशी जातींस सारखाच लागू पडतो. ही संदिग्धता घातक ठरू शकते. १८४७ साली कलकत्त्यास आणलेली आफ्रिकी गोगलगाय पुढे देशात दूरवर पसरली. हवाई बेटांत तिच्याच बंदोबस्तासाठी १९५५ साली फ्लॉरिडातील मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने मात्र झाडांवरील दुर्मीळ देशी गोगलगायींचा संहार केला. उरलेल्यांभोवती आता भक्षकरोधक कुंपणे घालावी लागतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हाऱ्यासारख्या भागात उपद्रव झाल्यास परकी भक्षक आणू नये. आफ्रिकी गोगलगायी हातांनी वेचाव्यात. परंतु वेचणाऱ्यास परकी व देशी ओळखता यावी, यासाठी दोहोंस निरनिराळी नावे रूढ करणे अगत्याचे आहे.