जोडलेला स्कॅनर दिसत का नाही?

जबलपूरच्या जिल्हा न्यायालयात दाखल झालेल्या प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याची आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. न्यायाधीश बदलले, दालन बदलले, तरी पक्षकाराला याच क्रमांकावरून मोबाइलवर पुढची तारीख कळते. खटल्यांची नोंद ठेवणाऱ्या ज्या सीआयएस प्रणालीतून हा क्रमांक निघतो ती एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्रात घडली. १९५६ मध्ये नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने मराठी मुलखातून या शहराच्या न्यायदानात आलेली ही प्रणाली म्हणजे आणखी एक गोष्ट. ही प्रणाली ज्या ई-कोर्ट्स प्रकल्पाचा भाग आहे त्याने न्यायालयांच्या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडली ती उबुंटू लिनक्स.

खटल्याचे कागद पडद्यावर आणायचे तर स्कॅनर लागतो, प्रिंटर लागतो, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो. लिनक्सवर नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याची पहिली अडचण बहुधा इथेच येते. स्कॅनर जोडला, दिवा लागला, पण प्रोग्रॅम म्हणतो की स्कॅनर सापडला नाही. यंत्र बिघडलेले नसते. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोचण्याची परवानगी नसते, आणि ती परवानगी एका छोट्याशा फाइलवर लिहिलेली असते.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्सचे काम सुरू करणाऱ्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एक धाडसी निर्णय घेतला: यंत्रांनाही फाइलींच्याच झाडात जागा द्यायची. ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक उपकरणासाठी एक विशेष फाइल. तिलाच डिव्हाइस नोड म्हणतात. नोडच्या आत मजकूर काहीच नसतो. असतात फक्त प्रकार सांगणारे एक अक्षर आणि दोन आकडे. डिस्कसारखे उपकरण ठोकळ्याठोकळ्याने वाचले जाते, त्याचे अक्षर ‘बी’. टर्मिनलसारखे अक्षरांच्या ओघाने, त्याचे ‘सी’. पहिला, म्हणजे मेजर आकडा उपकरण चालवणाऱ्या कोणत्या ड्रायव्हरला बोलवायचे ते कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो. दुसरा, मायनर आकडा त्या ड्रायव्हरच्या ताब्यातले नेमके कोणते उपकरण ते दाखवतो. लिनक्समध्ये पहिली डिस्क ‘एसडीए’ म्हणजे ८ आणि ०, तिचा पहिला विभाग ८ आणि १, दुसरी डिस्क ‘एसडीबी’ म्हणजे ८ आणि १६. प्रशासकाने ‘मेकनोड’ या आज्ञेला नाव, प्रकार आणि हे दोन आकडे दिले की नोड तयार.

कल्पना इतकी साधी, तरी तिचे परिणाम खोल आहेत. ‘नल’ नावाचा नोड (१ आणि ३) त्यात टाकलेले सारे गिळतो. चुकून कोणी तो पुसला आणि त्याच नावाची साधी फाइल तयार झाली, तर फेकून द्यायचा मजकूर तिथे साचत जातो. उलट नोडचे नाव काहीही ठेवा, तो कोणत्याही डिरेक्टरीत ठेवा. प्रकार ‘बी’ आणि आकडे ८ आणि ० असतील तर तो पहिल्या डिस्कचाच दरवाजा असतो. म्हणूनच मेकनोडने उपकरणाचा नोड बनवण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो, आणि पेन ड्राइव्हवर कोणी असा नोड लपवून आणला तर तो निकामी ठरावा यासाठी ड्राइव्ह माउंट करताना ‘नोडेव्ह’ हा पर्याय असतो.

हे नोड बनवायचे कोणी, या प्रश्नावर लिनक्सच्या जगात खरी झटापट झाली. सुरुवातीला जी उपकरणे कदाचित कधी जोडली जातील त्या सगळ्यांचे नोड आधीच करून ठेवत. डेव्ह डिरेक्टरी अस्तित्वात नसलेल्या यंत्रांच्या नावांनी भरून जाई. त्यात दोन्ही आकडे प्रत्येकी ८ बिटांचे, म्हणजे मेजर आकडे अवघे २५६. डिसेंबर २००३ मधल्या २.६ कर्नलने ही मर्यादा मेजरसाठी १२ आणि मायनरसाठी २० बिटांपर्यंत नेली. त्याआधी रिचर्ड गूच यांच्या डेव्हएफएसने नोड बनवण्याचे आणि नावे ठरवण्याचे काम कर्नलमध्येच घेतले होते. ते टिकले नाही. २००६ मध्ये ते कर्नलमधून काढून टाकले गेले. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि के सीव्हर्स यांच्या यूडेव्हने नावे ठरवण्याचे काम कर्नलबाहेर आणले. मला हा बदल मोलाचा वाटतो. कोणत्या यंत्राला काय म्हणायचे आणि ते कोणी वापरायचे, हे कर्नल लिहिणाऱ्याने दूर बसून ठरवण्याची गोष्ट नाही. ते त्या कार्यालयातल्या माणसाने ठरवावे.

आज स्कॅनर जोडला की कर्नल त्याच्याकडून निर्माता, मॉडेल आणि असल्यास अनुक्रमांक विचारून घेतो, मेमरीतल्या डेव्ह डिरेक्टरीत नोड तयार करतो आणि तशी वर्दी देतो. यूडेव्ह ती वर्दी ऐकून नियमांच्या फाइली क्रमाने वाचतो आणि जुळलेल्या नियमाप्रमाणे नोडचा गट व परवानगी बदलतो, हवे तर त्याला दुसरे, कायमचे नावही जोडतो. कायमच्या नावाची गरज इथेच कळते. ‘एसडीबी’ हे नाव कोण आधी आले यावर ठरते. उद्या दुसरी डिस्क आधी सापडली तर तेच नाव तिला मिळेल. यूएसबी उपकरणाचा आकडा तर काढून पुन्हा जोडले की बदलतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ‘एसडीबी’ लिहिणे म्हणजे सीएनआर सोडून आजच्या यादीतल्या क्रमाने खटला शोधण्यासारखे आहे. त्याऐवजी यूडेव्हने अनुक्रमांकावरून किंवा यूयूआयडी या एकमेव ओळख-क्रमांकावरून जोडलेले नाव वापरावे.

परवानगीबाबत एक सवय मात्र सोडायलाच हवी. स्कॅनर चालेना की नोडवर ‘सीएचमॉड ६६६’ चालवून तो सर्वांना खुला करतात. यंत्र पुन्हा जोडले की नोड नव्याने बनतो आणि ती परवानगी नाहीशी होते. त्याहून वाईट म्हणजे वापरकर्त्याला ‘डिस्क’ गटात टाकणे. त्या गटाला डिस्कचा नोड सरळ वाचता येतो, म्हणजे फाइलींवर लावलेल्या साऱ्या परवानग्यांना वळसा घालून कोणाचेही कागद वाचता येतात. जिथे पक्षकारांची गोपनीय कागदपत्रे असतात तिथे हे चालणार नाही. योग्य वाट एका ओळीच्या नियमाची आहे: निर्माता आणि मॉडेल लिहायचे, आणि गट ‘स्कॅनर’ असा नेमायचा.

नियम लिहिण्याआधी ‘यूडेव्हअॅडम मॉनिटर’ ही आज्ञा चालवून यंत्र जोडून पाहावे. पडद्यावर काहीच उमटले नाही तर केबल किंवा पोर्ट तपासा. कर्नलची आणि यूडेव्हची, दोन्हींची ओळ उमटूनही प्रोग्रॅमला स्कॅनर सापडत नसेल, तर आधी ड्रायव्हर बसवला आहे ना ते बघा, आणि मग त्या नोडचा गट कोणता आणि वापरकर्ता त्यात आहे का, ते.