मीटर किलोमीटर मोजतो, सीट तास मोजते

‘डॉक्टरची गाडी आहे, सिंगल ओनर, रनिंग फक्त २८ हजार.’ जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य इतक्या सर्रास ऐकू येतं, की राज्यातल्या डॉक्टरांना गाड्या विकण्यावाचून दुसरा उद्योग नसावा असं वाटू लागतं. परळमध्ये मात्र ते खरंही असू शकतं. केईएम, वाडिया, टाटा मेमोरिअल ही सगळी रुग्णालयं इथे हाकेच्या अंतरावर, शिवाय गल्लोगल्ली दवाखाने. म्हणून इथली गाडी बघताना ‘डॉक्टर’ या शब्दावर संशय घेण्यापेक्षा २८ हजारांवर घ्यावा, आणि तोही मीटरकडे टक लावून नव्हे. दार उघडून आत बसावं. बाहेरचं डेंटिंग-पेंटिंग दोन-चार दिवसांत उरकतं. आतली झीज लपवणं त्याहून कितीतरी किचकट असतं.

या झिजेलाही नियम आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ साली तो साध्या सूत्रात मांडला. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की झडून जाणारा पदार्थ हा त्यांच्यावरचा दाब आणि घासण्याचं एकूण अंतर यांच्या प्रमाणात वाढतो. पृष्ठभाग जितका कठीण, तितका तो कमी. यातलं ‘अंतर’ नीट समजून घ्यायला हवं. ते रस्त्यावरचं अंतर नव्हे. तळहात स्टिअरिंगवर किती सरकला, बुटाचा तळवा क्लचच्या रबरावर किती घासला, गाडीत चढता-उतरता मांडी सीटच्या कडेवर किती रगडली, ते अंतर.

मुंबईच्या गाडीचं सगळं इंगित इथे आहे. समजा एक गाडी रोज परळ ते अंधेरी करते आणि सिग्नल, खड्डे, गर्दी धरून सरासरी ताशी २० किलोमीटर काढते. तिचे २८ हजार किलोमीटर म्हणजे १,४०० तास झाले. दुसरी गाडी द्रुतगती मार्गावरून पुण्याला जा-ये करते, सरासरी ७० ची. तिच्या तेवढ्याच किलोमीटरना ४०० तास पुरतात. मीटर दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवणार. पण पहिल्या गाडीतल्या माणसाने सीटवर साडेतीनपट वेळ काढलाय, आणि क्लच तर कितीतरी पट जास्त दाबलाय. मीटर किलोमीटर मोजतो. सीट, स्टिअरिंग आणि पेडल तास आणि खेपा मोजतात. त्यामुळे ‘इतक्या हजारांवर स्टिअरिंग गुळगुळीत व्हायला हवं’ असा एखादा आकडा पाठ करून बाजारात जाणाऱ्याची फसगत ठरलेली. परळच्या डॉक्टरांची गाडी घर ते ओपीडी, ओपीडी ते दवाखाना, दवाखाना ते घर अशी दिवसातून सहा वेळा चालू-बंद होत असेल, तर २८ हजारांवरही तिचं क्लचचं रबर घासलेलं दिसेल. तो खोटेपणाचा पुरावा नाही. उलट तेवढ्याच रनिंगच्या शहरी गाडीत रबर कोरं करकरीत असेल, तर ते कधी आणि का बदललं हे विचारावं.

स्टिअरिंगपासून सुरुवात करावी. नव्या स्टिअरिंगच्या आवरणावर साच्यातून आलेले बारीक कण असतात, त्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि पृष्ठभाग मंद, कोरडा दिसतो. हाताने घासून कणांची टोकं सपाट झाली की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि ती जागा चमकू लागते. म्हणून स्टिअरिंग समोरून न बघता मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघावं. हात जिथे टेकतात तिथले चकाकते पट्टे लगेच उठून दिसतात. अंगठी घालणाऱ्याचं स्टिअरिंग एका ठरावीक जागी खरवडलेलं असतं. घामातलं मीठ, लॅक्टिक आम्ल आणि त्वचेचं तेल यांनी वरचा थर मऊ पडतो, आणि मुंबईच्या दमट हवेत घामाला तोटा नाही. त्यात करोनानंतर सॅनिटायझरची भर पडली. त्यातलं अल्कोहोल असल्या थरांना मानवत नाही, त्यामुळे दिवसभर हात निर्जंतुक करणाऱ्याचं स्टिअरिंग लवकर सोलवटलं तर नवल वाटायला नको. म्हणजे डॉक्टरांच्या बाजूने साक्ष देणाराही एक पुरावा इथेच सापडतो!

पेडलची रबरं बघायला वाकावं लागतं, म्हणून बहुतेक गिऱ्हाइकं ती बघतच नाहीत. आपल्याकडे उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून डावीकडे सरकत ब्रेकवर येतो, त्यामुळे ब्रेकच्या रबराची उजवी कड आधी झिजते. गाडीत चढता-उतरताना अंग सीटच्या दाराकडच्या उंचवट्यावरून घसरतं, म्हणून चालकाच्या सीटची उजवी कड डावीपेक्षा आधी दबते आणि फाटते. सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि आतून सूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. वजनाखाली त्या पोकळ्यांच्या भिंती वाकतात, उठल्यावर पुन्हा सरळ होतात. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसल्यावर काही सरळ होत नाहीत. कारखान्यात याची चाचणीच असते: फोम निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवायचा आणि सोडल्यावर किती परत फुगतो ते मोजायचं. आपल्याला एवढा खटाटोप नको. चालकाच्या आणि शेजारच्या सीटवर आलटून पालटून बसावं. सीट कव्हर नवं घातलं तरी खालचा फोम जुनाच असतो, आणि दोन बैठकींतला फरक अंगाला कळतो.

पाठीमागची सीट बघायला विसरू नये. खासगी गाडीत ती बहुधा सर्वांत कोरी असते. टी-परमिटवर भाड्याने चालून नंतर खासगी केलेल्या गाडीत मात्र मागची डावी बाजू दबलेली, डाव्या दाराची आतली मूठ चकाकणारी आणि डॅशबोर्डवर मोबाईल होल्डरच्या गोंदाचा गोल डाग राहिलेला सापडतो. प्रवासी फुटपाथच्या बाजूने चढतो, म्हणून डावी बाजू. पिवळी पाटी बदलून पांढरी करता येते, दाराची मूठ बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

ऊन वेगळ्या तऱ्हेने काम करतं. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते आणि ती अतिनील-ए किरण जवळपास पूर्ण अडवते. बाजूच्या काचांचा भरवसा नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पुढच्या काचांनी सरासरी ९६ टक्के किरण अडवले, तर बाजूच्या काचांनी सरासरी ७१, आणि त्यातही गाडीगणिक ४४ ते ९६ असा फरक. त्यामुळे दाराच्या आतल्या पॅडचा वरचा भाग आधी विटतो. वर्षानुवर्षं एकाच दिशेने उघड्यावर उभी राहिलेली गाडी एका बाजूने जास्त उडालेली दिसते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हात हळूहळू उडून जातं आणि भेगा पडतात. पण भेगा वय सांगतात, रनिंग नव्हे. चाळीच्या तोंडाशी उभ्याउभ्या म्हातारी झालेली गाडी परळ-लालबागला नवी नाही.

मीटरची हेराफेरी जगभर चालते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या जमान्यात गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरची चाकं फिरवायची, आणि ती काढून उलटी फिरवली की झालं. त्या पद्मिनींपैकी शेवटची ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर थांबली. आता आकडा चिपमध्ये असतो आणि लॅपटॉप जोडून बदलता येतो. अमेरिकेत १९७२ पासून याविरुद्ध केंद्रीय कायदा आहे, तरी तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेचा अंदाज वर्षाला साडेचार लाख गाड्यांचा आहे. बेल्जियमने २००६ पासून ‘कार-पास’ सुरू केला. दर सर्व्हिसिंगला रनिंगची नोंद होते आणि विकताना तो दाखला द्यावाच लागतो.

इतकं सगळं असलं तरी परळमध्ये मीटरपेक्षा मोठी भीती पाण्याची. हिंदमाताचा खोलगट भाग दर पावसाळ्यात बातमीत असतो. पाणी साठवायला महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, एवढ्यावरून दुखणं किती जुनं ते कळावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही. म्हणजे एकाच शहरातली कोणती गाडी बुडाली आणि कोणती वाचली हे नंबरप्लेटवरून कळणार नाही. बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात, त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. अशा गाडीचं लक्षण झीज नव्हे. झीज असायला हवी तिथे नवेपणा, हे तिचं लक्षण. सीट कव्हर नवं, कार्पेट नवं, सुगंध भरपूर.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार सीटबेल्ट. बहुतेक गाड्यांत त्याचं गुंडाळं मधल्या खांबाच्या तळाशी असतं, म्हणून गाडीत शिरलेलं पाणी तिथे लवकर पोहोचतं. पट्ट्याचं विणलेलं पॉलिस्टर पाणी वर ओढून घेतं. ओली कड सुकू लागली की बाष्पीभवन कडेला सर्वांत वेगाने होतं, त्याची भरपाई करायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि बरोबरचा गाळ तिथेच टाकतं. चहाच्या थेंबाचा डाग मध्ये फिकट आणि कडेला गडद पडतो तो याच कारणाने. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली याचं गणित मांडलं. पट्टा रोज जेवढा ओढला जातो तेवढा भाग धुतात. गुंडाळ्यातला शेवटचा हातभर भाग राहून जातो. तिथे मातकट आडवी रेघ दिसली, की समजावं.

रेघ एकाच पट्ट्यावर असेल तर सांडलेलं सरबतही असू शकतं. पाण्याची पातळी मात्र आडवी असते, त्यामुळे खुणा दोन्ही बाजूंना साधारण एकाच उंचीवर मिळायला हव्यात: दुसरा पट्टा, सीटच्या रेल, डॅशबोर्डखालची वायरिंग, डिकीत स्टेपनीचा खड्डा. सीटच्या बोल्टवर थोडा गंज मुंबईच्या खाऱ्या हवेत प्रत्येक गाडीला असतो, त्यावरून घाबरू नये. खाली गंज आणि वर स्वच्छ अशी सीमा दिसली तर घाबरावं. वायरिंगच्या जोडांवर तांब्याचा हिरवा थर दिसला तरीही. एअरबॅगचं नियंत्रण बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांमध्ये, तळाजवळच असतं. ते गाळात बुडून निघालं असेल तर पुढच्या अपघातात काय होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

नाकाचाही उपयोग करावा. ओल्या मातीतले जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. माणसाच्या नाकाला ते अब्जावधीत काही कण इतक्या थोड्या प्रमाणातही कळतं. पण नाक मिनिटाभरात सरावतं, म्हणून गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगून सकाळी दार उघडताच पहिला श्वास घ्यावा. विक्रेत्याने आधीच काचा खाली करून अत्तर फवारून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी.

नंबर टाकून ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर कितवा मालक आणि विमा कधीपर्यंत हे बघायला पाच मिनिटं लागतात, तेवढं घरूनच करून निघावं. बाकी टॉर्च, वाकण्याची तयारी आणि अर्धा तास पुरे. आणि विक्रेता पट्टा शेवटपर्यंत ओढू द्यायला का-कू करू लागला, तर डॉक्टरची असो वा इंजिनीअरची, त्या गाडीला टोकन देऊ नका.